लाल्या आणि अप्पांचं ताट

५ सप्टेंबर, रविवार. उदगीर.
लाल्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. चार पायऱ्या चढला की धापा टाकतो. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, नुसती चरबी. दोन वेळ अर्धी अर्धी भाकरी, वर काही देऊ नका. दारात लोक बरगड्या निघालेले बैल घेऊन उभे. आमचा गुबगुबीत कुत्रा बघून एकजण हसला. मान खाली घालून निघाले.
येताना करीमचाचांच्या आडतीत, धान्याच्या काट्यावर वजन. लाल्या काट्यावर ठरत नाही, म्हणून अप्पा त्याला उचलून उभे राहिले, मग एकटे. अप्पा पंचावन्न, लाल्या बावीस.

८ सप्टें.
लातूर जिल्हा झाला अन् माझी तिकडं बदली. कचेरीत बसायला खुर्ची नाही, फायली मात्र येऊन पडल्यात. पहाटे स्वयंपाक, अप्पांचं ताट झाकून पहिली एस.टी. यायला अंधार. घरात दिवसभर बाप आणि कुत्रा. त्याला काही घालू नका, रोज बजावते. हाव, हाव म्हणून मान हलवतात.

२ ऑक्टो. सुट्टी.
अर्धी सकाळ टँकरच्या रांगेत. पाऊस गेला तो गेलाच. लाल्या आणखी सुटलाय. अप्पांवर लई चिडले. तुम्हीच लाडावून ठेवलंय म्हटलं. ते लाल्याची पाठ खाजवत बसले. थकले बाई मी.

७ नोव्हें., रवि.
पुन्हा काटा. दोघं मिळून तेवढेच, सत्त्याहत्तर. वाटलं, चला, वाढला तरी नाही. अप्पा उतरून लगबगीनं दाराकडं. एकटे उभे राहा म्हटलं तर नको, नको. हाताला धरून उभं केलं. दंड हातात आला तेव्हाच...
एक्कावन्न.
चाचा काट्याकडं बघतच राहिले.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
विचारलं. गळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "घास अडकायला बाई इथं. पाण्यासंगं बी उतरत न्हाई. तू पहाटं उठून करतीस. असल्या दुष्काळात अन्न टाकू कसं?"
मला का नाही सांगितलं?
"नवी जागा तुझी. रजा काढत बसली असतीस."
मी दोन महिने बोलत होते त्यांना.

१० नोव्हें. लातूर.
अप्पांना मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. सोलापूरला नेऊन दुर्बिणीनं तपासा म्हणाले. अप्पांना बाहेर बसवून मला सांगितलं, गाठ वाटते. पुढचं मी विचारलं नाही. साहेबांनी रजेवर सही केली, कुरकुरत.

१३ नोव्हें.
दिवाळी दारात, घरात काहीच केलं नाही. बुधवारी सोलापूर. लाल्या चाचांकडं राहील. अर्ध्या भाकरीचं त्यांना समजावलं. अप्पा मधेच म्हणाले, "उपाशी नका ठेवू त्याला."
रात्री पातळ आंबील केली. लाल्या सवयीनं ताटापाशी. अप्पांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. मी आणि लाल्या, दोघंही त्यांच्या गळ्याकडं बघत बसलो.