चिमट्याच्या बाळंतपणाबद्दल माझे शेवटचे म्हणणे

मी खाली सही करणारी, वय सत्तरीला टेकलेले, धंदा कपड्यांना इस्त्री करणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक एकुलत्या एका लेकीला. दुकानातले टेबल व दोन्ही इस्त्र्या समोरच्या शिंप्याला. मोठीची वायर त्याने आधी बदलून घ्यावी. सासूबाईंचा पलंग जाऊबाईंनी न्यावा. त्याची करकर मी पुरेशी ऐकली.

धाकट्या बहिणीला काही ठेवलेले नाही. त्याचे कारण लिहिते.

लेकीच्या जन्माच्या वेळी गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडले नव्हते, बाळाचे ठोके व्यवस्थित होते. पण डॉक्टरांना समारंभाला जायचे होते, म्हणून त्यांनी चिमटा लावून ओढले. चिमट्यावर माझा राग नाही. गरजेला लावला तर तो जीव वाचवतो. राग त्या घाईवर आहे. लेकीचा डावा डोळा जन्मापासून पुरता मिटत नाही. मी आतून फाटले. अजून नुसते खोकले तरी लघवी सुटते. फार वेळ बसवत नाही, म्हणून उभ्याने करायचे काम धरले.

बहीण तिथेच नर्स होती, माझा हात धरून उभी होती. नोकरी जाईल, कुठे बोलू नकोस म्हणाली. तिच्यासाठी मी तोंड शिवून घेतले, आणि हिने बाहेर जाऊन माझ्या सासरच्यांना सांगितले, "ताईनं जोरच लावला नाही." नवरा मरेपर्यंत तेच ऐकवत राहिला. लेकही चिडली की म्हणते, "जरा जोर लावला असतास तर माझं तोंड असं झालं नसतं." हे मला सगळ्यात लागते. पाठच्या बहिणीने असा गळा कापला, आणि तिचे गणवेश मी ती निवृत्त होईपर्यंत फुकट इस्त्री करून दिले.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून तिला वाटा नाही. तिने लेकीसमोर हे वाचावे आणि साक्षीदार म्हणून सही करावी, एवढेच तिच्याकडून हवे आहे.

सही करण्याआधी माझ्या हाताने जोडते: बहीण आली, सगळे वाचले, पेन खाली ठेवले. म्हणाली, "ताई, यात खोटं काही नाही. पण सही मागू नकोस. त्या डॉक्टरांच्याच दवाखान्यात आता माझी सून नोकरीला आहे." लेकीने ऐकले. उठली आणि मावशीच्या चपला उचलून दाराबाहेर ठेवून आली.

ठिकाण: इस्त्रीच्या दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च

साक्षीदार:
१. वकिलांचा कारकून (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही)

लिहून देणार: लेकीची आई (सही)