एक नंबर मोठे स्पाइक्स

प्रिय निखिल,

तू गेल्यावर तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आज रेवाच्या ट्रेनरचा फोन आला. ती बाई यापुढे रेवाला हे स्पाइक्स घालून ट्रॅकवर येऊ देणार नाही. हो, तेच खिळ्यांचे बूट, तू घेतलेले. आपल्या लेकीच्या उजव्या अंगठ्याचं नख गेलंय, आणि मला, तिच्या आईला, हे परक्या बाईकडून कळलं.

दीड वर्षापूर्वी हूफडॉर्प गावातल्या दुकानातला डच माणूस परोपरीने सांगत होता, हे बूट पायाला घट्टच हवेत, बोटं पुढे टेकली पाहिजेत. पण तू ऐकतोस कसला? "वाढता पाय आहे, एक नंबर मोठेच द्या." शाळेचा युनिफॉर्म घ्यावा तसे घेतलेस. मीही मान डोलावली. तिकडे भारतात आपले आईवडील असंच तर करत आले ना.

मग ती दोनशे मीटरची शर्यत. वळणावर तिचा पाय बुटात सरकला आणि ती पडली. दुसऱ्या बुटाचे खिळे पोटरीत घुसले. गाडीत ती रडत होती आणि तू म्हणालास, "बुटांना नावं ठेवू नकोस. तुझं लक्षच नव्हतं." ती डचमध्ये ओरडली, की यापुढे माझ्या शर्यतीला येऊ नकोस.

आठ दिवसांनी तू ऑफिसमध्ये कोसळलास. छातीत दुखतंय हे मला का नाही सांगितलंस रे? त्याचा मला अजून राग आहे.

त्यानंतर पोरीने पुढे कापूस कोंबून तेच बूट घातले. मधे काही महिने ते नीट बसले. आता पाय आणखी वाढलाय, तरी सोडत नाही. आज मी नवे घेऊ म्हटलं, तर कधी नव्हे ते मराठीत बोलली, "मी बाबाला येऊ नको म्हणाले. तो आलाच नाही." एवढंच म्हणून वर गेली आणि दार लावून घेतलं.

निखिल, दीड वर्ष पोर हे मनात घेऊन फिरतेय. आणि मला ठाऊक असलेली एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. शर्यतीच्या त्या संध्याकाळी भांडी लावताना तू म्हणाला होतास, "नंबर माझाच चुकला. जाऊन सॉरी म्हणतो तिला." मीच तुला अडवलं. "बाप आहेस तू. लगेच नमतं घेतलंस तर डोक्यावर बसेल." तू थांबलास. एरवी माझं कधी ऐकलं नाहीस, ते नेमकं तेव्हा ऐकलंस!

शनिवारी दुकानात जायच्या आधी हे सगळं तिला सांगणार आहे. भीती वाटतेय. तू गेलास, आता तीही माझ्याशी बोलायची थांबली तर? थांबू दे. तुझं राहिलेलं सॉरी मी तिला म्हणेन, आणि त्याच्या आधी माझं.

तुझी,
मेधा