काळी राहिलेली डिश

मंगळवार, संध्याकाळ, दूधविनायक

म्हणजे व्हायरसला अडवणारी माझी अँटिबॉडी खराब नव्हतीच, उशिरा पोचत होती! लिव्हरच्या पेशींवर मी आधी हेपेटायटिसचा व्हायरस टाकायचे, मग अँटिबॉडी. या व्हायरसमध्ये हिरवं चमकणारं प्रोटीन बनवणारा जीन घातलाय, म्हणून तो आत शिरला की पेशी हिरव्या चमकतात, आणि माझ्या दर वेळी चमकायच्याच. माझ्या गाइड मॅम म्हणाल्या होत्या, या वेळी नाही जमलं तर प्रोजेक्ट बंद. म्हणून व्हायरस आणि अँटिबॉडी दोघांना आधीच ट्यूबमध्ये मिक्स करून ठेवलं, मग पेशींवर टाकलं.

आज मायक्रोस्कोपखाली डिश एकदम काळी! पेशीच मेल्या की काय? साधा लाइट लावला, तर आरामात जिवंत. आणि अँटिबॉडी न घातलेली बाजूची डिश पूर्ण हिरवी. बस, जमलं! रडूच आलं.

घरी काकांना सांगितलं. ते दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंना पूजा सांगतात.

"अगं, यजमानाला स्टेशनवरच गाठायचं. घाटावर पोचला की दुसऱ्याचा झाला. भटाची पोर ना तू?"

आई म्हणाली, "मग यजमान काय व्हायरस आहेत का, भाऊजी?"

काका उठून संध्येला बसले!

ती काळी डिश अजून डोळ्यांसमोर आहे. उद्या मॅमना हे स्टेशनवालं सांगू, की हसतील? डायरीबाई, तुला काय वाटतं?