तुमच्या फोनवर न दिसणारा राऊटर

अहो,

आत्ता नुसता फ्रिज घरघरला तरी तुम्ही आलात असं वाटून मी दचकले.

नेट कंपनीचा राऊटर काढून कपाटावर ठेवलाय. तो परत द्यावा लागतो, टाकू नका. त्या जागी मी माझा लावलाय, तो तुमच्या फोनवर दिसणार नाही.

गेल्या दोन्ही मुलाखतींत मध्येच नेट गेलं म्हणून कंपनीशी भांडले, तर तिथली बाई म्हणाली, “ते तुमच्या मिस्टरांच्या फोनमधल्या आमच्या ॲपवरून बंद होतंय, मॅडम.”

मी नोकरीला लागले तर चिऊकडे दुर्लक्ष होईल ही काळजी समोर बसून सांगितली असतीत, तर ऐकली असती.

तिसरी मुलाखत आज तीनला आहे. लवकर आलात तर जेवण ओट्यावर आहे, आतल्या खोलीचं दार वाजवू नका.

चिऊ माझ्याजवळच आहे. मघापासून विचारतेय, “आई, नवा पासवर्ड बाबांना सांगायचा ना?”