पाय माझा, नळी यांची

१० एप्रिल २००५, रविवार
सकाळी सातपासून आमचे सा. बोनेटात डोकं घालून. (पॉवर हाऊसात ज्युनिअर इंजिनिअर, घरात साहेब.) काल सायबर कॅफेतून अकरा पानं छापून आणली. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हवा जिथून आत जाते त्या थ्रॉटलभोवती इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं म्हणे, थंड मुलखात तो गोठू नये म्हणून. "चंद्रपुरात काय गोठणार आहे? आपण गोठलो का कधी?" बोलणं बिनतोड. मीही मान डोलावली, हे इथं कबूल करते. दोन्ही नळ्या थ्रॉटलवरून काढल्या, मध्ये तुकडा घालून एकमेकींना जोडल्या. पाणी आता बाहेरच्या बाहेर परत. हवा गार, ताकद जास्त. जेवायला अडीच वाजवले. वरण दोनदा गरम केलं.

१२ एप्रिल
कॉलेजच्या मैदानावर माझा सराव. मागच्या आठवड्यापर्यंत क्लच छान जमत होता. आज ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी पळते. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की उडीच. उभी असली तरी घूं घूं. सा. खूश, म्हणे आवाज ऐक, ताकद वाढली. आणि उडी?
"ते तुझा पाय जड आहे म्हणून. बाकी काई नाई."
स्वतः चालवतात तेव्हा सारखे ब्रेकवर उभे. ते चालतं.

१४ एप्रिल
जयंती. विहारात वंदना, मग नणंदेकडे जेवण. खीर वाढता वाढता ती म्हणाली, वहिनी, तुमचा पाय लय जड पडते म्हणे गाडीवर. म्हणजे बातमी तिथपर्यंत पोचली. तिचा दीर हसला, त्याची बायको हसली. मीही हसले. खीर गोड लागली नाही.

२० एप्रिल
पत्र आलं! पदोन्नती. मुख्याध्यापिका, कोरपन्याच्या पलीकडची शाळा. सतरा वर्षं सहाय्यक शिक्षिका म्हणून काढली, त्यानंतर हे. होकार की नकार, महिनाभरात लेखी कळवायचं. नकार दिला तर पुढच्या यादीची वाट बघत बसा.
बस तिथं अकराला पोचते, शाळा साडेदहाची. खोली घेऊन राहावं तर सासूबाईंना दोन वेळा इन्सुलिन मीच टोचते, दुसऱ्या कुणाकडून टोचून घेत नाहीत. म्हणजे गाडी. सा. म्हणाले, आधी चालवता तर आली पाहिजे. खरं आहे. राग येतो तो त्याचाच.

२४ एप्रिल
शेजारच्या खोब्रागडेकाकूंच्या फाटकाचा खांब पाडला. आमचा डावा दिवा फुटला. पाय ब्रेकवर जायच्या आत गाडी गेलेली. काकू बिचाऱ्यांनी उलट मलाच पाणी दिलं. सा. मात्र कुंपणावरून त्यांना अर्धा तास माझ्या पायाबद्दल समजावत होते. दोन गल्ल्या पलीकडची मंडळीही उभी राहून ऐकून गेली.

२७ एप्रिल
चपला घालून चालवून पाहिली. कॅनव्हासचे बूट घालून पाहिली. अनवाणी पाहिली, तळवा भाजला. दुपारी शिलाई मशीनवर बसले. याच पायानं पंचवीस वर्षं पायडल मारते. काजाजवळ आलं की सुई एकेक टाका घेते, कधी बोटात गेली नाही. हा पाय जड?
संध्याकाळी मैदानावर परत उडी. मग वाटलं, मशीन वेगळं, गाडी वेगळी. चाळिशीनंतर पायही बदलत असेल. कुणास ठाऊक.

२ मे, सोमवार
आर.टी.ओ. नापास. चढावर थांबवून परत निघायचं होतं. निघाले ती सरळ खुणेच्या काठ्यांवर. तपासणारे म्हणाले, मॅडम, रेस कमी करा. मी पाय पूर्ण काढलेला होता. सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.
घरी आल्याबरोबर सा.नी फोन उचलला. राजुऱ्याच्या मेहुण्याला सगळं साग्रसंगीत.

८ मे
नकार लिहिला. चार ओळी. तीन कागद फाडले. सा.ना दिला, शिक्षणाचं ऑफिस वाटेत पडतं तुमच्या, म्हटलं. सावकाश द्या.

९ मे
आज सा. साडेदहालाच देऊन आले! विजेचं बिल खिशात महिनाभर फिरतं यांच्या. पोचही आणली, शिक्क्यासकट.

१६ मे, सोमवार
रहीमभाई दिवा बसवायला घरी आले. जुने मिस्त्री, बल्लारपूर रोडला गॅरेज. सा. त्यांना कार्बोरेटरच्या जमान्यातला माणूस म्हणतात. दिवा लावून बघायला त्यांनी गाडी सुरू केली, दहा मिनिटं चालू ठेवली, बाहेर येऊन कान लावून उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले.
"रेस काऊन इतकी वर आहे, बाई?"
म्हटलं, माझा पाय जड आहे.
"तुम्ही त बाहेर उभ्या आहा."
गाडीत कुणीच नव्हतं. गाडी घूं घूं करत होती. सव्वा महिना मी हे रोज ऐकत होते आणि मला दिसलं नाही!
मग त्यांनी बोनेट उघडलं, जोडलेली नळी बघितली आणि कपाळाला हात लावला. या गाडीच्या थ्रॉटलखाली मेणाची गोळी असते. इंजिनचं गरम पाणी लागलं की ती फुगते आणि जास्तीच्या हवेची वाट बंद करते, मग रेस खाली येते. सा.नी पाणीच तोडलं. "मेणाले वाटून राह्यलं अजून इंजिन थंडच आहे." सेहेचाळीस डिग्रीत? मी विचारलं. "उन्हानं नाई होत बाई, त्याले इंजिनचंच पाणी लागते."
वीस मिनिटांत नळ्या होत्या तशा. इंजिन तापलं तसा आवाज उतरत उतरत अगदी बारीक झाला. मी बसले, क्लच सोडला. गाडी नुसती चालायला लागली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, रहीमभाई शेजारी. उतरले आणि त्यांच्यासमोरच रडले. ते म्हातारे गृहस्थ पान्हे पुसत बसले.
राग नळीचा नाही. तिच्याबाबतीत मीही मान डोलावली होती. राग याचा की यांनी सांगितलं आणि मी माझ्याच पायावरचा भरवसा सोडला. आणि तो नकार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सा.ना सांगितलं. बोनेट उघडून नळीला बोट लावून पाहिलं. मग, "म्हणजे तत्त्व बरोबरच होतं. या मॉडेललेच मेण आहे."
जेवण वाढलं. वाढताना भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला असेल.

१८ मे
ऑफिस. बाबू म्हणाले, नकार वर गेला. परत घेतो असा अर्ज द्या, पण कारण पटण्यासारखं पाहिजे. मी खरं कारण लिहिलं, नळी, मेण, सगळं. दीड पान. बाबूंनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. मोठे साहेब दौऱ्यावर. बघू म्हणाले.

३० मे, सोमवार
पास. चढावर केसभरही मागे नाही, पुढे नाही. तेच तपासणारे होते, त्यांना मी आठवत नव्हते.

८ जून
ऑफिस, तिसऱ्यांदा. दुसऱ्या यादीत त्या शाळेवर नाव लागायचंय. अर्ज मान्य झाला तर माझंही लागू शकतं, नाहीतर दुसऱ्या बाईंचं. बघू.

१२ जून, रविवार
शाळा बघून आलो. मी चालवली, सा. शेजारी. पूल ओलांडल्यावर सिमेंटच्या ट्रकांची रांग, धूळ, खड्डे. यांचा पाय खाली सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. दोन खोल्या, हापसा, कडुनिंब. कुलूप होतं, खिडकीतून पाहिलं. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच. फार हवीहवीशी वाटली मला ती शाळा. हे कुणाला सांगितलं नाही.
घरी आल्यावर सा. म्हणाले, चांगली चालवतेस. ऑर्डर नाई आली त मी काय करू, सांग. बहुधा मनापासून विचारलं.
म्हटलं, ऑर्डर येवो न येवो, ज्यांना ज्यांना माझ्या पायाचं सांगितलं त्या प्रत्येकाला जाऊन खरं सांगा.
"सगळ्याईले?"
सगळ्यांना.
सा. उठले. मग चपला घातल्या आणि काकूंच्या फाटकाशी गेले. इथं ओट्यावर लिहितेय, सगळं ऐकू येतं. थंड मुलूख झाला. बर्फ झाला. थ्रॉटल म्हणजे काय ते झालं. काकू हो हो म्हणताहेत. पाऊण तास होत आला, आत्ता कुठं मेणापर्यंत पोचलेत. पायाचं नाव अजून निघालेलं नाही.