पुसलेले डोळे

३ तारीख, सोमवार
आलो एकदाच्या! पेट्या उघडायच्या आधीच ताईने खोलीला ‘काड्यापेटी’ म्हणून टाकलं. असू दे. खिडकी उत्तरेची, उजेड दिवसभर एकसारखा, आणि समोरच बुद्धमंदिराचं दार. दाराशी दोन लाकडी रक्षक: मुठी आवळलेल्या, भुवया चढलेल्या, डोळे खोबणीतून बाहेर. एकाने जबडा वासलेला, दुसऱ्याने ओठ घट्ट मिटलेले. ताई म्हणाली, अगदी आपले गणिताचे मास्तर! दुरुस्तीआधी दोघांची हुबेहूब चित्रं करायची, हे माझं आयुष्यातलं पहिलं काम. मंदिरात झाडलोट करणाऱ्या आजोबांनी बसायला स्टूलही आणून दिलं.

७ तारीख
सहा चित्रं भिंतीवर लागली. कोळशाने कोपरापर्यंत काळी झालेय. एकच खटकतं. मूर्ती समोर रस्त्याकडे बघतात, माझ्या चित्रांत बुबुळं डावीकडे गेलीत. हात घाईत घसरला असेल.

९ तारीख
सहाही चित्रांत? आणि सगळ्यांची नजर एकाच जागी, आमच्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीवर. खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली. नजर हलली नाही. रिकाम्या कोपऱ्याकडेच. ताईला सांगितलं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मुकाट्याने जेवायला बस म्हणाली.

११ तारीख
आज सगळे टेबलाकडे बघतायत. कोपऱ्यापासून चार पावलं आत. म्हणजे तिथे जे आहे, ते चालतंय.

१२ तारीख, दुपार
आता ताईच्या पलंगाकडे. ती बिचारी गाढ झोपलेली. मला बघवेना. रबर घेतलं आणि बाराही डोळे पुसून टाकले. हायसं वाटलं.

१३ तारीख, सकाळ
आजोबा धावत आले, मला ओढत नेलं. मूर्तींना डोळे नाहीत. सपाट लाकूड. मी काय केलं ते सांगितलं, तर म्हणाले, “पोरी, त्या नजरेच्या धाकानेच ते दबकत होतं गं.”

नंतर
खोलीत ताई भिंतीला पाठ टेकून उभी. हाका मारल्या, ओ देत नाही. माझ्याकडे बघतेय— नाही, माझ्या पलीकडे. भिंतीवरचं एक चित्र उतरवून डोळे परत काढते. ही वही मांडीवरच आहे—

एक झाला. बुबुळ आपोआप वळलं. ताईकडे नाही—

ताई बोलली. ओठ न हलवता. “मागे वळू नकोस. काढत राहा.”

दुसरा. अर्धा झालाय. कागदावर माझ्या सावलीला चिकटून आणखी एक—