बरंय म्हणणारी माणसं

माझ्या गुणी पोरी,

कंपवाताची थरथर मोजणारं घड्याळ बनवणाऱ्यांनी आम्हा रुग्णांनाच सल्ल्याला बोलावलं. ते घड्याळ रोज विचारायचं, "कसं वाटतंय?" आम्ही सगळे दाबायचो, "बरंय." तुला फोनवर सांगतो तसंच. इंजिनिअरबाई हैराण! मी म्हटलं, "अहो, आमच्यात मरणाच्या दारातला माणूसही 'बरंय'च म्हणेल. त्यापेक्षा विचारा, आज शर्टाची बटणं कुणी लावली?"

सगळे हसले, मग आपापल्या बटणांकडे पाहू लागले. प्रश्न मंजूर झाला.

माझं पहिलं उत्तर होतं, शेजाऱ्यांनी.

"लेकीलाही कळवायचं का, काका?" बाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. कळलं तर तू नोकरी सोडून धावत येशील, आणि तुला परत जा म्हणायचं बळ आता माझ्यात नाही. म्हणून हे पत्रही उशीखालीच.

झाकल्या मुठीचा,
तुझा बाबा